‘मॅडम, जोर किती लावायचा?’

वाचकाचं पत्र

ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बारावीनंतर २०२० मध्ये डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेला, प्रवेश घेतला. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं मोबाईलवर झालं. घरात फोन एकच, तोही धाकट्या भावाच्या शाळेसोबत वाटून घ्यायचा. प्रॅक्टिकल म्हणजे व्हिडिओ बघायचा आणि जर्नलमध्ये आकृत्या काढायच्या. दुसऱ्या वर्षी कॉलेज कधी चालू, कधी बंद. ट्रेनिंगला मला आरटीपीसीआर लॅबमध्ये टाकलं. स्वॅबच्या पिशव्या उघडणं, नंबर टाकणं, एक्स्ट्रॅक्शन (नमुन्यातून विषाणूचं आरएनए वेगळं करणं), सहा महिने हेच केलं. पास झाल्यावर तिथेच नोकरी लागली, पण पुढे ती लॅब बंद झाली. मग दीड वर्ष एका कलेक्शन सेंटरच्या टेबलावर रिपोर्ट एंट्री केली. चार महिन्यांपूर्वी इथे लागले. इथे रक्त काढण्यापासून सगळं करावं लागतं.

सीनियर सर पेशंटसमोरच म्हणतात, ‘ही आमची कोविड बॅच, ऑनलाइन पास.’ मागच्या आठवड्यात चार वर्षांच्या एका मुलाला तीनदा टोचलं, तरी शीर सापडली नाही. त्याची आई रडत म्हणाली, ‘येत नाही तर हात कशाला लावता?’ त्या रात्री मला झोप लागली नाही. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरवलेला रक्ताचा पातळ थर, नीट येत नाही, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मशीनवर जे येतं तेच लिहून देते. वडील टेलरिंग करतात, फीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. ही लाइन सोडून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागू, की पुन्हा पहिल्यापासून कोर्स करू?

उत्तर

बाळा, तुझं पत्र वाचलं आणि मला २०२० चा पावसाळा आठवला. तीस वर्षं लॅबमध्ये काढली, त्यातली शेवटची काही वर्षं शिकवण्यात गेली. त्या पावसाळ्यात मी आमच्या रिकाम्या प्रॅक्टिकल हॉलमध्ये एकटीच उभी असायचे. पुस्तकांच्या थप्पीवर फोन आडवा ठेवलेला, खाली काचेची स्लाइड, आणि मी रक्ताचा थेंब पसरवून दाखवत असायचे. पलीकडे चाळीस मुलं, सगळ्यांचे कॅमेरे बंद. कुणी शेतातल्या टाकीवर चढलेलं, कारण रेंज तिथेच यायची. एका मुलीने माइक चालू करून विचारलं, ‘मॅडम, जोर किती लावायचा?’ मी म्हणाले, हलका. ती म्हणाली, ‘हलका म्हणजे किती?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोर असती तर तिच्या हातावर हात ठेवून एकदा स्लाइड ओढली असती, दहा सेकंदांचं काम होतं.

म्हणून आधी हे सांगते, की तुझ्या हातात जे आलं नाही ते तुझ्या आळसामुळे राहिलेलं नाही. ते तुला मिळालंच नाही. कॉलेज उघडलं तेव्हा कपाटातले अर्धे मायक्रोस्कोप बाहेर काढले, तर लेन्सवर बुरशीचं जाळं चढलेलं. दीड पावसाळा बंद खोलीत पडून होते. काचेची ही अवस्था होते, तर ज्या हातांना सरावच मिळाला नाही त्यांचं काय होणार?

आणि तेव्हा कॉलेजं उघडी असती तरी तुम्हाला शिकायला पुरेसं सॅम्पल नव्हतं. ओपीडी ओस पडल्या होत्या. आधी ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली होती, म्हणजे रक्त जुळवून बघायच्या क्रॉस मॅच कमी, बायोप्सी कमी. थुंकीच्या स्लाइडचंच घे. २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांच्या आसपास आली. टीबी कुठे पळाला नव्हता. माणसं दवाखान्यात येत नव्हती, आणि टीबीसाठी घेतलेली सीबीनॅट, ट्रूनॅटची यंत्रंही बऱ्याच ठिकाणी कोविडच्या कामाला लावली होती. ज्या मुलीने त्या वर्षी ट्रेनिंग केलं तिने निळ्या पार्श्वभूमीवर टीबीच्या जंतूची लाल काडी दिसल्याचा तो क्षण अनुभवलाच नाही, यात तिचा काय दोष?

तुझे सीनियर पेशंटसमोर बोलतात ते चूक आहे. तुझ्यासाठी तर चूक आहेच, पण पेशंटसाठी जास्त. ज्याच्या हातात सुई आहे त्याच्यावरचा विश्वास सुई टोचायच्या आधीच काढून घेतला, तर पेशंट हात आखडतो आणि शीर आणखी लपते. पण या माणसाशी भांडू नकोस. तो तुला लागणार आहे. का ते पुढे सांगते.

आधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. मुलाला तीनदा टोचलंस, त्याची नव्हे. ‘मशीनवर जे येतं तेच लिहून देते’, त्याची.

डेंग्यूच्या एका सीझनला माझ्यासमोर एका तरुण मुलाचं सीबीसी आलं. प्लेटलेट १८ हजार. वॉर्डातून फोन, नातेवाईक प्लेटलेटच्या पिशवीसाठी पळायच्या तयारीत. मी त्याच ट्यूबमधून स्मिअर केला, लीशमनच्या रंगाने रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली आधी शेपटाकडे, म्हणजे थराच्या पातळ टोकाकडे, गेले. तिथे प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे चिकटून बसले होते. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, आणि काही जणांच्या रक्तात त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट वाटत नाही, म्हणून आकडा कोसळतो. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, मशीनवर लावलं, सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं. आकडा दीड लाखाच्या वर गेला. पोराला पिशवीची गरजच नव्हती. मशीन बिघडलेलं नव्हतं. त्याच्या मागे बघणारं कुणीतरी लागतं, आणि तुमच्या लॅबमध्ये तो डोळा तुझा आहे.

म्हणून आजपासून एक नियम कर. आकडा खटकला, मशीनने फ्लॅग, म्हणजे शंकेची खूण, दिला, किंवा पेशंटच्या अवस्थेशी रिपोर्ट जुळत नसला, तर स्मिअर पाहिल्याशिवाय रिपोर्ट पुढे जाणार नाही. तुला वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला दाखवल्याशिवाय जाणार नाही. विचारायला लाज वाटेल. वाटू दे.

आता हात कसा बसवायचा ते सांगते. तुझ्या लॅबमध्ये शिकायचं सामान रोज कचऱ्यात जातंय. रिपोर्ट गेलेल्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूब. रोज पाच घे. त्याच दिवसाच्या घे, शक्यतो रक्त काढल्यापासून दोन-तीन तासांच्या आतल्या, कारण नंतर पेशी बिघडायला लागतात आणि तू चुकीचं चित्र डोळ्यात साठवशील. हातमोजे घालून, रोजच्या कामासारखीच काळजी घेऊन. मालकांना आधी विचार, स्लाइड आणि रंगाचा खर्च त्यांचा आहे.

थेंब लहान घे, मोहरीपेक्षा थोडासा मोठा. नवीन मुलं थेंब मोठा घेतात आणि मग स्लाइड शेवटपर्यंत रक्ताने भरते, शेपूटच उरत नाही. पसरवणारी काच तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरकी धर, मागे ओढून थेंबाला टेकव, रक्त तिच्या कडेने दोन्ही बाजूंना धावू दे, आणि मग एकाच दमात पुढे ढकल. थांबू नकोस. मध्ये थांबलीस तर पट्टे पडतात. पेशंट ॲनिमियाचा असेल तर रक्त पातळ असतं, कोन थोडा वाढव. आणि जोर? आता लिहून सांगायचा प्रयत्न करते, कारण त्या मुलीला तेव्हा सांगता आलं नव्हतं. पसरवणारी काच खालच्या काचेवर दाबायची नाही, तिचं स्वतःचं वजन असतं तेवढंच पुरे. तुझी बोटं तिला फक्त सरळ धरून ठेवतात. पोळीच्या शेवटच्या फेऱ्याला लाटण्यावर आपण हात नुसता ठेवतो ना, जोर काढून घेतो, तसं. पहिल्या दिवशीची एक जपून ठेव, बाकी पहिल्या वीस स्लाइड फेकाव्या लागतील. तिसाव्या-चाळिसाव्याला एक अशी येईल की तिचं शेपूट उजेडात धरलं तर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसेल. ती ठेवून दे.

लीशमन घातल्यावर दोन मिनिटं तसंच राहू दे, मग दुप्पट बफरचं पाणी, ६.८ पीएचचं, आणि हलक्या फुंकरीने किंवा पिपेटने मिसळून सात ते दहा मिनिटं. प्रत्येक लॅबमध्ये रंगाची बाटली वेगळी वागते. तुझ्या बाटलीची वेळ तुझी तू शोध. स्लाइड निळीशार आली तर पाणी जास्त अल्कलाइन आहे किंवा रंग जास्त वेळ राहिला, गुलाबी-फिकी आली तर उलट.

मग शंभर पांढऱ्या पेशी मोज, आणि मोजून झाल्यावरच मशीनचं डिफरन्शियल, म्हणजे कुठल्या प्रकारच्या किती पेशी ते, बघ. आधी बघितलंस तर डोळा मशीनचं ऐकतो. पहिल्या आठवड्यात मोनोसाइट आणि मोठा लिम्फोसाइट या दोन पेशींत तुझी गल्लत होईल. सगळ्यांची होते. माझी दोन वर्षं होत होती.

इथे तुझे सीनियर लागतात. त्यांना एकटं गाठ, दुपारी गर्दी ओसरल्यावर, आणि एवढंच म्हण, ‘सर, आमच्या वेळी हाताने काही करायला मिळालं नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. मी रोज पाच स्मिअर करते. त्यातला एक तुम्ही बघून द्याल का?’ दिवसाला एक, जास्त नाही. वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी आपलं कसब मागायला आलं की तो सहसा नाही म्हणत नाही, मग आधी काहीही बोललेला असो. त्याने नकार दिला तर लॅबचे पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून ज्या दिवशी येतात त्या दिवशी पाच स्लाइड पुढे ठेव. टोमण्याबद्दल बोलायचं असेल तर तेही एकट्यात आणि एकाच वाक्यात: ‘सर, मला एकटीला काहीही बोला, पेशंटसमोर नको, ते हात देत नाहीत.’

आता त्या लहान मुलाबद्दल. चार वर्षांच्या मुलाला एकटीने टोचायचं नाही, हा अनुभवी माणसांसाठीही नियम आहे. एक जण हात धरणार, एक जण टोचणार. आईला बाजूला काढू नकोस. तिला मुलाला मांडीवर घेऊन बसव, त्याचा दुसरा हात तिच्या काखेखाली. तिला आधीच सांग, ‘एकदा टोचेन, नाही मिळालं तर फार तर दुसऱ्यांदा, आणि तेव्हाही नाही मिळालं तर आमच्या सरांना बोलावेन.’ आणि ते पाळ. दोन प्रयत्न, तिसरा तुझा नाही. तिसऱ्या वेळी टोचणारा हात शीर शोधत नसतो, घाबरलेला असतो. त्या आईने तुला दुखवलं, पण तिला कुणी काही सांगितलं नसावं. पुन्हा भेटली तर सांग की तेव्हा मी चुकले. मुलांच्या आया हे विसरत नाहीत, आणि माफही करतात.

मोठ्यांच्या हातावर सराव करताना डोळ्यांनी शीर शोधू नकोस. व्हिडिओवर शिकलेल्या सगळ्या मुलांची ही सवय मी पाहिली आहे. स्क्रीनवर निळी रेघ दिसायची, म्हणून ती रेघ शोधतात. दिसणारी शीर बऱ्याचदा वरची, बारीक आणि घसरणारी असते. डाव्या हाताच्या तर्जनीने कोपराच्या खळीत दाब. जी खाली जाऊन परत उसळते, भिजवलेल्या वाटाण्यासारखी, ती तुझी. घरात आईच्या, वडिलांच्या, भावाच्या हातावर फक्त बोटाने शोधायचा सराव कर, रोज, टीव्ही बघताना. सुई नको. पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवू नकोस, आणि पेशंटला मूठ सारखी उघड-मीट करायला लावू नकोस, रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढतं.

ट्यूबचा क्रम, म्हणजे रक्त कुठल्या ट्यूबमध्ये आधी घ्यायचं ते, तू परीक्षेसाठी पाठ केला असशील. त्याचं कारण एकदा हातात घेऊन बघितलंस की तो विसरणार नाहीस. कधी घाईत जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं, तर ईडीटीएतलं पोटॅशियम त्यात उतरतं आणि कॅल्शियम बांधलं जातं. रिपोर्टवर पोटॅशियम इतकं चढतं आणि कॅल्शियम इतकं पडतं, की खरं असतं तर तो माणूस समोर बसून चहा पीत नसता.

रक्तगटाचं वेगळं सांगते, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. व्हिडिओवर बहुतेक सगळ्यांनी स्लाइडवरच्या रक्तात अँटी-ए, अँटी-बी ही द्रावणं टाकून गट बघायला शिकून घेतलं आणि तिथेच थांबले. उलट बाजूने, म्हणजे पेशंटचा सीरम घेऊन ए, बी आणि ओ पेशींबरोबर बघायची पद्धत तुला येते का? नसेल तर हे शिकायला तुमच्या लॅबमध्ये थांबू नकोस, जिल्ह्याच्या रक्तकेंद्रात जा. आपल्या मुंबईतच १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला दाखवलं, की स्लाइडवर ‘ओ’ दिसणारा माणूस ओ नसतोही. बॉम्बे गट. साध्या ओ रक्ताच्या पेशींवरही जी खूण असते ते एच अँटिजेनच त्याच्या पेशींवर नसतं, आणि त्याच्या सीरममध्ये त्याविरुद्ध अँटिबॉडी असते. त्याला साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. नुसत्या स्लाइडवर तो सापडत नाही. ओ पेशी टाकलेली उलट चाचणी त्याला पकडते. एखाद्या रक्तकेंद्राला पत्र लिहून विचार, रविवारी चार तास येऊन बघू का. रविवारी शिबिरं असतात, त्यांना माणसं हवीच असतात. रजा न घेता दोन-तीन महिन्यांत तुझं काम होईल.

बाकी लघवीचं सेडिमेंट म्हणजे तळाचा गाळ, पेशी मोजायची न्यूबार चेंबर, मलेरियाचा जाड स्मिअर, हे सगळं एकाच वेळी अंगावर घेऊ नकोस. एका वहीत तीन रकाने कर: नुसतं पाहिलंय, कुणाच्या देखरेखीखाली केलंय, एकटीने करते. प्रत्येक चाचणी प्रामाणिकपणे जिथे आहे तिथे लिही. पहिला रकाना भरलेला दिसेल, आणि रडू येईल. मग महिन्याला तीन चाचण्या पुढच्या रकान्यात सरकव.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आता देते. पुन्हा कोर्स करू नकोस. तुझी पदविका खरी आहे, तू परीक्षा दिलीस, आणि पुन्हा फी भरायला आता घरात पाटल्या नाहीत. जे राहिलं ते वर्गात मिळणार नाही, ते सॅम्पलवर मिळेल, आणि सॅम्पल तुझ्यासमोर रोज येतंय. स्पर्धा परीक्षेची मनापासून ओढ असती तर मी अडवलं नसतं, पण पत्रात ती ओढ मला कुठे दिसली नाही. एका मुलाला त्रास झाला म्हणून रात्रभर जागी राहिलेली मुलगी दिसली. ज्याला असं काही झाल्यावर झोप लागते, त्याला मी या लाइनमधून जायला सांगितलं असतं.

आणि तू सहा महिने स्वॅबच्या पिशव्या उघडल्यास, त्याला कमी लेखू नकोस. जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडे कोविडची चाचणी पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, होत होती, आणि वर्षभरात देशभरात दोन हजारांहून जास्त लॅब ती करू लागल्या. त्या लॅब कुणी चालवल्या? तुझ्यासारख्या विशीतल्या पोरांनी. पीपीई किटमध्ये घामाने निथळत, सहा-सहा तास पाणी न पिता, घरी आईवडिलांना लागण होईल या भीतीने. तू तिथे जे शिकलीस ते जुन्या टेक्निशियनपैकी अनेकांना आजही येत नाही. प्रत्येक रनला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने, लावल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवायचा नाही, हे तुझ्या अंगात आहे. स्वच्छ खोलीतून घाण खोलीकडे जायचं, उलट कधी नाही, हे तुझ्या पायांना माहीत आहे. तुमच्या लॅबमध्ये शुगरच्या मशीनवर सकाळी कंट्रोल लावतात का? स्लाइडवर गट बघताना माहीत असलेली ए आणि बी पेशी शेजारी ठेवतात का? नसतील ठेवत, तर तू सुरू कर. ते काम त्या लॅबमध्ये तुझ्या नावावर राहील. सीनियरनाही तुझ्याकडून काही घेता येईल, आणि मग टोमणे आपसूक कमी होतात, हे मी पाहिलंय.

तू मोबाईलवर शिकत होतीस त्याच २०२१ मध्ये संसदेने आपल्यासारख्यांसाठी कायदा केला, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. लॅबचं काम करणारा माणूस हा आरोग्य व्यावसायिक आहे, असं त्यात पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवर लिहिलं गेलं. नोंदणीचे नियम राज्यात लागू होतील तसे बघत राहा, कागदपत्रं, गुणपत्रिका, ट्रेनिंगचा दाखला एका फाइलमध्ये नीट लावून ठेव. आरटीपीसीआर लॅबचा अनुभवाचा दाखला घेतला नसशील तर त्या माणसांचा पत्ता आत्ताच काढ. बंद झालेल्या लॅबचे लोक दोन वर्षांनी सापडत नाहीत.

शंभर स्लाइड झाल्या की मला कळव. फोटो पाठवू नकोस, फोटोत जाडी कळत नाही. तुझ्या हाताने केलेली शेवटची स्लाइड आणि पहिल्या दिवशीची, दोन्ही कागदात गुंडाळून सीनियरांसमोर ठेव, आणि ते काय म्हणाले ते मला लिही.